फरारी नव्हता

फौजेतून परतला तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता आणि त्याचा डावा गुडघा वाकत नव्हता. घरच्यांना वाटलं, आता कुठेतरी पहारेकऱ्याची नोकरी धरील. त्याने कायद्याच्या वर्गात नाव घातलं. निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसायचा, तोही पाय वाटेत पसरून. मुलं त्याला ‘नाकाबंदी’ म्हणत. कोर्टात आल्यावर ते नाव मागे पडलं आणि ‘फौजी वकील’ चिकटलं, कारण खटले घ्यायचा ते फक्त शिपायांचे, नाहीतर त्यांच्या मागे राहिलेल्यांचे.

वकिलीच्या बाराव्या वर्षी एक म्हातारी बाई त्याच्या टेबलासमोर येऊन बसली. तिचा मुलगा सरहद्दीवरच्या ठाण्यावरून नाहीसा झाला होता. कागदोपत्री तो ‘फरारी’ होता.

“पळाला असता तर आधी माझ्याकडे आला असता ना?” ती म्हणाली. “अकरा वर्षं झाली. गल्लीत मला पळपुट्याची आई म्हणतात.”

त्याने कागद चाळले. अहवालाखालची सही पाहिली. सही त्याच्या जुन्या कप्तानसाहेबांची होती. सुरुंगाने त्याचा गुडघा गेला, त्या दिवशी याच माणसाने त्याला पाठीवर घेऊन सुरुंग पेरलेलं ते शेत पार केलं होतं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“दुसऱ्या कुणाला द्या हो.”

“तिघा वकिलांनी खटला परत केलाय.”

“त्यांनी तुम्हाला उचलून आणलं नसतं तर आज मी कुणाशी बोलत असते?”

तरी दुसऱ्या दिवशी त्याने वकीलपत्र दाखल केलं. ठाण्यावरच्या वह्या मिळवायला त्याला आठ महिने खेटे घालावे लागले. तारीख लागली त्या आठवड्यात फोन वाजला.

“समोर तू आहेस म्हणे,” कप्तानसाहेब म्हणाले.

“हो, साहेब.”

“बरं.” फोन बंद झाला.

उलटतपासणीच्या दिवशी कप्तानसाहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभे होते, केस पार पांढरे झालेले. जुन्या सवयीने टाचा जुळवायला निघालेले पाय वकिलाने आवरले.

“अहवाल तुम्ही लिहिलात?”

“हो.”

“त्यात लिहिलंय, शिपाई कुणालाही न सांगता ठाणं सोडून गेला. बरोबर?”

“बरोबर.”

वकिलाने ठाण्यावरची संदेशांची वही त्यांच्यापुढे ठेवली. “याच दिवसाची साडेचारची नोंद वाचता?”

कप्तानसाहेबांनी चष्मा लावला. बराच वेळ ते वाचत राहिले. ओळ एकच होती.

“मोठ्याने,” न्यायाधीश म्हणाले.

“टेलिफोनची तार तुटली. दुरुस्तीसाठी एक जवान नदीकडे रवाना.”

“तो जवान कोण?”

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी हातानेच त्यांना बसवलं.

“साहेब, त्याला कुणी पाठवलं?”

म्हातारीने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. कप्तानसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

“मी,” ते म्हणाले. “नदीला लोंढा आला होता. त्याने सांगितलं होतं, पाणी उतरू दे. मी ऐकलं नाही. नंतर शोधायलाही कुणाला पाठवलं नाही, आणखी दोघे गेले असते. वर काय कळवू ते सुचेना, म्हणून... म्हणून तसं लिहिलं.”

“आणखी प्रश्न नाहीत,” वकील कसाबसा म्हणाला आणि टेबलाला धरून बसला.

दोन महिन्यांनी निकाल लागला. ‘फरारी’ खोडून ‘कर्तव्यावर असताना मृत’ अशी नोंद करण्याचा हुकूम झाला. म्हातारीने ती ओळ त्याच्याकडून तीनदा वाचून घेतली. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाली, “आता रडते,” आणि तिथेच, टेबलावर डोकं टेकून, अकरा वर्षांचं रडली.

पुढच्या रविवारी तो कप्तानसाहेबांच्या घरी गेला. सुनेने दार अर्धंच उघडलं. “झोपलेत,” ती म्हणाली. आतून रेडिओ ऐकू येत होता. सकाळचे दहा वाजले होते, आणि हा माणूस आयुष्यात कधी पाचनंतर अंथरुणात राहिला नव्हता.

“मी येऊन गेलो म्हणून सांगा,” तो म्हणाला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला.