डोरथीची बरणी आणि डोंगरापलीकडचा अर्ल

आमच्या घरात प्रवासाची तयारी म्हणजे सासूबाईंचे डबे. शुक्रवारी मॉरिसव्हिलहून वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात जायचं, शनिवारचा बाजार बघायचा आणि रविवारी परत यायचं, एवढाच बेत होता. तरी गाडीत दशम्या, भडंग, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा चढलाच.

"आई, तिथंही माणसं राहतात गं. जेवतातसुद्धा," माझा नवरा नितीन म्हणाला.

"जेवू देत की. आपण काय खातो ते त्यांना काय ठाऊक?" असं म्हणून आई दह्याचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. साताऱ्याहून येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता, पण गाडीत पुढची सीट कुणाची, याचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला होता. मी आणि आमची दहा वर्षांची लेक रेवा मागे.

सपाटी संपली, वळणं सुरू झाली आणि रेवाचा चेहरा हिरवट पडला. दोनदा थांबून, आलेपाक चोखवत आम्ही एकदाचे एल्डर फोर्डला पोचलो. गाव एका रस्त्याचं. दोन्ही बाजूंना लाल विटांची जुनी दुकानं आणि फुटपाथच्या दगडात घोडे बांधायच्या लोखंडी कड्या. मध्यभागी मोठ्या लाकडी छपराखाली बाजाराची जागा. पूर्वी डोंगरावर चरायला नेलेली गुरंमेंढरं शरद ऋतूत खाली आणून इथंच विकायचे. अजूनही वर्षातून एकदा, सप्टेंबरअखेर, तोच बाजार भरतो. शेवटच्या घरामागे डोंगर उभा आणि त्याच्या माथ्यावर सॉड्स (झुडपांनी भरलेलं उघडं, वाऱ्याचं पठार).

आम्ही डोरथी नावाच्या बाईंच्या घरी उतरलो होतो. पंचाहत्तरीच्या, काटक, बोलायला मोकळ्या. वरच्या दोन खोल्या त्या प्रवाशांना देतात. "घर तुमचंच समजा. मी बाजारात टेबलं मांडून येते," असं म्हणून त्या गेल्या. नितीन आणि रेवा चक्कर मारायला बाहेर पडले, मी अंघोळीला गेले. आणि आईंनी घर खरोखरच स्वतःचं समजलं.

मी खाली आले तेव्हा ओटा लख्ख होता. सिंकमधले कप धुतलेले, फडकं पिळून वाळत टाकलेलं आणि त्याशेजारी चिनीमातीची एक मोठी बरणी पालथी. "काय गं बाई तो वास! तळाशी काहीतरी आंबून बसलं होतं," आई समाधानानं म्हणाल्या. "म्हातारी एकटीच असते, तिच्यानं काही होत नसेल. मी नखांनी खरवडून काढलं."

डोरथी परत आल्या. बरणी बघून त्या दारातच थांबल्या.

"ओह, हनी," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही ती धुतलीत?"

मग कळलं ते असं. इथं बकव्हीटचे केक करतात. केक कसले, आपल्याकडे कुट्टू म्हणतात त्या पिठाची जाडसर आंबोळीच. रोज सकाळी थोडं पीठ बरणीत मागे ठेवायचं, संध्याकाळी त्यात नवं कालवायचं. डोरथींच्या आईपासून ती बरणी कधी रिकामी झाली नव्हती. आणि उद्या बाजारच्या दिवशी फायर हॉलमध्ये (गावच्या अग्निशमन दलाच्या इमारतीत) अख्ख्या गावाला त्याच पिठाचे केक मिळायचे होते.

भाषांतराला मी तोंड उघडायच्या आधीच आईंचा चेहरा पडला. "म्हणजे विरजण," त्या म्हणाल्या. "अगं, मी त्या बाईच्या आईचं विरजण मोरीत ओतलं." आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"इट्स ओके," डोरथी म्हणत होत्या, पण हात त्या रिकाम्या बरणीवरून फिरत होता. दुकानातलं यीस्ट घालून वेळ निभावता येईल म्हणाल्या. ते म्हणताना त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

आईंनी डोळे पुसले. "विचार त्यांना, कुणाला दिलं होतं का? विरजण काय कुणी एकटीपुरतं ठेवतं?"

डोरथी जरा ओशाळल्या. आईची आठवण म्हणून त्यांनी ते कुणालाच दिलं नव्हतं. एकदाच, फार मागं लागली म्हणून, रूथ नावाच्या मैत्रिणीला दिलं होतं. रूथ आता नाही. तिचा नवरा अर्ल डोंगराच्या पलीकडे राहतो, पण तो फोन कधी उचलत नाही, आणि एकट्या पुरुषानं ते कशाला सांभाळलं असेल?

"बघून तर येऊ," आई उठल्याच.

नितीन आणि रेवा आल्याबरोबर त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत. डोरथी पुढच्या सीटवर रस्ता दाखवायला, आम्ही तिघी मागे चिकटून. खडीचा रस्ता चढत वर गेला, झाडं संपली आणि एकदम आभाळच आभाळ झालं. हकलबेरीची (आपल्या करवंदाएवढ्या आंबटगोड फळाची) गुडघाभर झुडपं मैलोन् मैल लालभडक झाली होती. मधूनच स्प्रूसचं झाड, वाऱ्यानं एका बाजूच्या फांद्या ओरबाडून नेलेलं. इतक्या काळजीतही आईंच्या तोंडून निघालंच, "अय्या, आपलं कास!" मग लगेच गप्प झाल्या, कौतुक करायचा आज आपल्याला हक्क नाही म्हणून.

तेवढ्यात धुकं आलं. फोनला रेंज नाही, बोनेटपुढचं दिसेना. नितीन गाडी अक्षरशः रांगवत होता आणि आई प्रत्येक खड्ड्याला सॉरी म्हणत होत्या, डोरथींना की खड्ड्याला ते कळेना. शेवटी डोरथींना हसू फुटलं. "आजी, यू कॅन स्टॉप नाउ," रेवा म्हणाली आणि सगळेच हसलो.

अर्ल अंगणात लाकडं फोडत होते. डोरथींनी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "रूथनं मला जाताना बजावलं होतं, कुत्र्याला आणि बरणीला उपाशी ठेवू नकोस. कुत्रा बरा आहे. बरणीला हल्ली जरा विसरलोय."

फ्रिजच्या आत, मागच्या कोपऱ्यातून त्यांनी काचेची बरणी काढली. वर काळपट पाणी, खाली मातकट साका. डोरथींनी मान फिरवली. आईंनी बरणी घेतली, वरचं पाणी अलगद ओतलं, वास घेतला, करंगळी बुडवून चाटली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"आहे," आई म्हणाल्या. "भुकेजलंय, पण जिवंत आहे."

रेवानं ते इंग्रजीत सांगितलं. डोरथींनी आईंना मिठीच मारली. आई बरणी सांभाळत अवघडून उभ्या.

परत आल्यावर बरणीत पीठ कालवलं. डोंगरातल्या गारठ्यात ते फुगेल का, याची डोरथींना धास्ती. तिथं मात्र मी पुढे झाले. अमेरिकेतल्या थंडीत इडलीचं पीठ फुगवणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला हे येतं: ओव्हन बंद ठेवायचा आणि आतला दिवा लावायचा. शिवाय आईंनी बरणीला स्वतःची शाल गुंडाळली. सकाळी ओव्हन उघडला तर झाकण वर उचललं गेलेलं आणि शालीला पीठ लागलेलं. "शाल गेली खड्ड्यात!" म्हणत आई टाळ्या पिटत होत्या.

फायर हॉलमध्ये ही गर्दी! बाहेर मेंढ्यांची बें-बें, मोठ्या कढईत शिजणाऱ्या सफरचंदांचा वास, गोधड्यांची दुकानं. आत तव्यावर डोरथी, आणि त्यांच्या शेजारी पातळावर एप्रन बांधून आमच्या सासूबाई. केकला छान जाळी पडली होती. लोक त्यावर मेपलचा पाक ओतत होते, आईंनी आपल्या केकवर लसणाची चटणी घेतली. अर्ल तीन वेळा त्या चटणीसाठी फिरून आले आणि डोळ्यांतून पाणी काढत "व्हेरी गुड" म्हणाले.

रविवारी निघताना डोरथींनी आईंच्या हातात एक भरलेली बरणी ठेवली. "इतकी वर्षं मी हे जपून ठेवलं," त्या म्हणाल्या, "आणि वाचलं ते जे देऊन टाकलं होतं तेच." आईंनी दह्याचा डबा त्यांना दिला. कसं लावायचं ते रेवानं दोनदा समजावलं. ही बरणी आता दह्याच्या जागी, मांडीवर.

घरी पोचलो तेव्हा मी प्रवासानं गळून गेले होते. आईंनी मात्र पर्सही खाली न ठेवता चार डबे काढले आणि त्या पिठाचे वाटे करायला घेतले. एक शेजारच्या काकूंना, एक वरच्या नागपूरकरांना, एक समोरच्या घरी, एक आपल्याला.

"अहो आई, डोरथींनी ते आपल्याला दिलंय ना?"

"म्हणूनच वाटतेय," डब्याला झाकण लावत आई म्हणाल्या. "माझ्यासारखी एखादी कधीतरी तुझ्याही स्वयंपाकघरात शिरेलच की."