कुलपाच्या वरची वाट

माझी भावजय कासिमिरा यायची तेव्हा आधी तिचे गुडघे ऐकू यायचे, मग तिचं तोंड, आणि शेवटी ती. गंधकाच्या खाणीनं माझ्या भावाला खोकवून खोकवून मारलं. त्यानंतर लामांचा, म्हणजे आमच्या लांब मानेच्या लोकरी जनावरांचा, कळप तिनं एकटीनं सांभाळला. ज्वालामुखीच्या पायथ्याची थंडी तिच्या गुडघ्यांत जाऊन बसली ती बसलीच. त्यावर औषध एकच, घळीतला ऊन पाण्याचा झरा. आमच्याकडची बाळंतीण तिथंच शेकते आणि खाणीतून सुटलेला माणूस तिथंच धुऊन निघतो.

पण आधी गाळ, मग अंघोळ. थंडी ओसरताना सारं गाव पाट साफ करायला निघतं. जो गाळ काढील, पाणी त्याचं. एक साल जो आला नाही, त्याचा हक्क त्याची जागा उपसणाऱ्याला जातो. तिथं दयामाया नाही. कासिमिराचा बाप खाणीत अडकला त्या साली त्याचा पाट क्रिस्पीनच्या बापानं उपसला, आणि खालचं मक्याचं वावर पाण्यासकट गिळलं. आता तोच क्रिस्पीन आमच्या पाण्याचा कप्तान. कुणी कुठं उपसायचं ते कप्तान ठरवतो, आणि दिवस मावळताना उपसणाऱ्या प्रत्येकाला शेंगांची दारू स्वतःच्या हातानं ओततो. दारू ओतली की हक्क पक्का.

मी सांगते त्या साली परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलवाल्यांनी घळीच्या तोंडाशी लोखंडी फाटक घातलं आणि नारळाएवढं कुलूप लटकवलं. क्रिस्पीननं सभेत सांगितलं, "यंदा घळीतल्या वरच्या झऱ्यावर कुणी जायचं न्हाई. हॉटेलाची माणसं यंत्रानं गाळ काढनार हायत. आपल्याला काय, उलट आराम!"

पुरुषांनी माना डोलावल्या. निम्म्यांची पोरं त्याच हॉटेलात भांडी घासत होती.

मागं गुडघे कडाडले. कासिमिरा उठली होती.

"क्रिस्पीन, गाळ त्यांनी काढला तर मग पानी कुनाचं?"

"आगं, तसं न्हाई ते..."

"माझ्या बापाच्या टायमाला तसंच हुतं की."

लोक आपापल्या चपला बघायला लागले. क्रिस्पीन मात्र हसला. "मग जा की तू खोरं घिऊन! बाईनं खोरं धरलेलं कुनी बघितलंय का हितं?"

"बघशील," ती म्हणाली.

आमच्यात साफसफाईला बाया रांधून नेतात, खोऱ्याला हात लावत नाहीत. विधवेनं मुलगा धाडायचा. कासिमिराचा मुलगा तांब्याच्या खाणीवर. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, म्हातारपनी तमाशा नको." तिनं फोन आपटला आणि साफसफाईच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत माझ्या दारात उभी राहिली. खांद्यावर माझ्या भावाचं खोरं, मागं काळी लामा.

"चला नणंदबाई."

"फाटकाला कुलूप हाय की गं."

"फाटकातनं कोन जातंय? वरनं जाऊ. लामांच्या जुन्या वाटंनं."

"त्या वाटंनं? तुझं गुडघं बघ, माझा दम बघ. मढी न्यायची येळ यील गावावर."

"मग बरंच की. तुझं मढं हलकं हाय, मीच नीन."

ती वाट म्हणजे काय, चढावर बोकडानं ओढलेली रेघ. खाली खारट पांढरी माती, वर करवतीसारखे दगड, मधे पिवळ्या गवताचे बुचके. सावली फक्त आपली, तीही पायाखाली. कासिमिरा चार पावलं टाकायची, थांबून ज्वालामुखीला एक शिवी घालायची, आणि पुढची चार टाकायची. मी म्हणाले, बस जरा. तर म्हणाली, "बसले तर उठवायला क्रिस्पीनला बोलवावं लागंल."

खिंडीत दगडांचा ढीग आहे. चढून आलेल्यानं दम टिकावा म्हणून चघळलेल्या कोकाच्या पानांचा चोथा तिथल्या दगडाला चिकटवायचा, म्हणजे थकवा तिथंच राहतो. ढिगावरचे चोथे वाळून पांढरे पडले होते. कित्येक वर्षांत कुणी फिरकलंच नव्हतं. कासिमिरानं तोंडातला सगळा चोथा काढून थापला.

"घे गं खिंडी, ओला हाय," ती म्हणाली.

खाली उतरलो तर झऱ्याच्या कुंडात परदेशी माणसं भोपळ्यासारखी तरंगत होती. हॉटेलाचा राखणदार धावत आला. दक्षिणेकडच्या थंड मुलखातला होता बिचारा, उन्हानं नाक सोललेलं.

"आजी, कुठून आलात तुम्ही? फाटक तर बंद आहे."

"आईच्या पोटातनं आले. तिथं कुलूप न्हवतं."

"असं आत येता येत नाही."

"आले की. आता जाता येत न्हाई, काम हाय."

तिनं घागरा खोचला, आमच्या रीतीप्रमाणं डाव्या हातानं पाण्याला कोकाची पानं वाहिली, उतरायची परवानगी मागितली आणि पाटात उतरली. हॉटेलाचं यंत्र अजून आलं नव्हतं. गाळ गुडघाभर, पिवळा, नासक्या अंड्यासारखा घमघमणारा. ती दमली की मी खोरं घ्यायची, मी दमले की ती. राखणदार हॉटेलात फोन लावत फिरत होता, पण घळीत रेंज कुठली? एक परदेशी बाई काठाशी येऊन काहीबाही विचारायला लागली. कासिमिरा तिला म्हणाली, "तू भिजत पड बाये. तुझ्याशी माझं भांडान न्हाई."

तळाची रेती दिसायला लागली तेव्हा तिनं एक पोतं गाळानं भरून लामेवर चढवलं. मग कपड्यांसकट कुंडात बसली. राखणदारानं पाठ फिरवली. इतक्या वर्षांत तिचे गुडघे गप्प झालेले मी पहिल्यांदा ऐकले.

"आता त्यांनी यंत्र आनू दे, न्हाईतर सगळं हॉटेल आनू दे," ती डोळे मिटून म्हणाली. "गाळ तर आपन काढला. शिळ्या कढीला ऊत आनत बसा म्हनावं."

गावात पोचलो तेव्हा पुरुष खालचा पाट उपसून रांगेत बसले होते आणि क्रिस्पीन घडा घेऊन ओतत चालला होता. कासिमिरा सरळ त्याच्या पुढ्यात गेली आणि पोतं उलटं केलं. वास असा सुटला की रांगेतला बहिरा तेओफिलोसुद्धा एक शब्द न ऐकता म्हणाला, "वरच्या झऱ्याचा हाय."

"ओत," कासिमिरा म्हणाली आणि वाटी पुढं केली.

"बाईला ओतायची रीत न्हाई."

"रीत?" ती म्हणाली. "बरं. गाळ काढंल त्याचं पानी, ही रीत खरी का खोटी? खोटी असंल तर माझ्या बापाचं वावर दे. आत्ताच्या आत्ता दे, सगळ्यांसमोर. खरी असंल तर ओत."

क्रिस्पीननं रांगेकडं बघितलं. रांग त्याच्याकडं बघत नव्हती, घड्याकडं बघत होती. तेओफिलो मोठ्यानं बोलला, "ओत की लेका, आमची गरम व्हाय लागली!" कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. क्रिस्पीनच्या मानेची शीर तटतटली, पण घडा वाकला.

कासिमिरानं डाव्या हातानं चार थेंब गाळावर शिंपडले, उरलेली दारू घटाघटा प्याली आणि वाटी माझ्या हातात दिली.

"आता हिला."

"खोरं तर एकच दिसतंय," क्रिस्पीन दात खात म्हणाला.

"धरनाऱ्या दोघी हुत्या. ओत."

फाटक अजून आहे आणि कुलूपही आहे. दर साली हॉटेलवाले त्याला तेल घालतात. पण पुढच्या साफसफाईला मी खिंडीत पोचले, तर ढिगावर चोथा चिकटवायला कोरडा दगड सापडेना. आधी पोचलेल्या बाया खोऱ्यांवर हनुवट्या टेकून उभ्या होत्या, आणि कासिमिरा त्यांच्यावर खेकसत होती, "हळू चाला गं भवान्यांनो, माझ्यासाठी गाळ शिल्लक ठेवा."