ईनॉक थर्लबीचा हात

ईनॉक थर्लबी हिवाळाभर मोजे विणायच्या मागावर बसायचा आणि उन्हाळा लागला की नॉटिंगहॅमच्या काउंटीकडून पैसे घेऊन गोलंदाजी करायचा. खेळायचेही पैसे मिळतात, हे त्याच्या सासूला मरेपर्यंत पटलं नाही. पण हात असा, की चेंडू दिसायच्या आत दांड्या उडालेल्या असायच्या.

त्याच हाताने ससेक्स काउंटीचा फलंदाज अमोस पेलेट जिवानिशी गेला. चेंडू पडला, अवचित उसळला आणि अमोसच्या कानामागे बसला. अमोस हसत उठला, "काही नाही रे," म्हणाला, संध्याकाळी सगळ्यांबरोबर बिअर प्यायला, आणि सकाळी अंथरुणातून उठलाच नाही.

ईनॉकला कुणी बोल लावला नाही. त्याचा त्यानेच लावून घेतला. चेंडू येण्याआधी बॅट जमिनीवर हलकेच आपटायची अमोसला खोड होती. मागाच्या खडखडाटातही ईनॉकला ती टकटक ऐकू यायची.

"अहो, उंदीर असेल," बायको केझाया म्हणायची.

"उंदीर बॅट धरत नाही, केझाया."

पुढल्या उन्हाळ्यात तो धावत आला, की प्रत्येक फलंदाजाच्या मागे आणखी एक जण उभा दिसे, कानामागे हात धरून. मग हात आपोआप सैल पडायचा.

कॅप्टनसाहेब खेकसले, "थर्लबी, चेंडू टाकतोस की पाळण्यात मूल निजवतोस? ससेक्सपुढे हात चालला नाही, तर जा आपल्या मागाकडे!"

ससेक्सचा संघ आला, आणि फलंदाजीला उतरला अमोसचा धाकटा भाऊ जेसी. तेच खांदे, तीच टकटक. ईनॉकने असा चेंडू टाकला, की एखाद्या म्हातारीने पळीने टोलवला असता. लोक फिदीफिदी हसले. जेसीने तो नुसता अडवला आणि चालत जवळ आला.

"थर्लबीदादा, दया करतोस माझ्यावर?"

"माझ्याच्यानं होत नाही रे, पोरा. तो तुझ्या मागे उभा आहे."

जेसीने वळून पाहिलं नाही. "असू दे. आई वर्षभर विचारतेय, त्या माणसाने मुद्दाम मारला का म्हणून. तू असा चोरासारखा टाकलास, तर मी घरी जाऊन तिला काय सांगू?"

ईनॉक मागे गेला. धावला. या खेपेला हात त्याने आवरला नाही. चेंडू उसळला आणि जेसीची टोपी घेऊन गेला. जेसी गुडघ्यांवर बसला.  ईनॉक त्याच्याकडे धावला.

जेसी उठला. तोंड पांढरंफटक. चेंडू पडला ती जागा त्याने बॅटने दाबून पाहिली.

"असाच होता?"

"असाच."

"सरळच होता की रे, उसळवला तो जमिनीने. आता सांगेन तिला." त्याने टोपी झटकून डोक्यावर चढवली. "टाक पुढचा."

त्याच्या मागचा अजून उभाच होता. ईनॉकने दोघांनाही चेंडू टाकला, त्याच वेगाने.