पथ्य सुटल्याचे पेढे

डॉक्टरांनी आईला मरायला घरी पाठवलं, आणि आम्ही गल्लीत पेढे वाटले.

गंमत करत नाहीये. सत्तरच्या दशकातलं नागपूर, प्रताप नगर. मी आठवीत.

आईला पोटाचा कॅन्सर. कित्येक महिने नुसती पेज आणि मुगाचं पाणी.

एक दिवस सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बाबांना म्हणाले, "आता घरी न्या. जे मागेल ते खाऊ द्या."

पथ्य सुटतं ते माणूस बरा झाल्यावर, एवढंच आम्हाला ठाऊक. बाबांनी पेढे आणले. मी नवा फ्रॉक घालून घरोघर वाटून आले.

आईनं पेढ्याचा तुकडा तोंडात धरला आणि हसली.

आज सकाळी गजभिये सिस्टर गेल्या, म्हणून हे लिहितेय.

त्या त्याच दवाखान्यात नर्स, राहायला आमच्या मागच्या गल्लीत. पेढा पोचला, त्यानंतर आठवड्याभरानं घरी आल्या.

बाबा दारातच म्हणाले, "पथ्य सोडलं डॉक्टरानं, सिस्टर. बरी होऊन राहिली ते."

त्या सरळ आईच्या बाजेपाशी गेल्या.

"पदर काहून चावून राहिली वं? दुखते का?"

हे तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही विचारायचो ते फक्त, काय खाशील.

"बहुत दुखते, बाई," आई म्हणाली. "पोट्टी एवढ्या खुशीनं पेढे वाटून आली. तिले कसं सांगू?"

मी तिथेच उभी होते. माझाच राग आला. अजून येतो.

बाहेर येऊन सिस्टर बाबांना म्हणाल्या, "भाऊ, इलाज संपला म्हणून पथ्य सोडलं. बरी नाही होत ते. पण दुखणं कमी करता येते."

बाबा सीताबर्डी ते इतवारी औषधांची दुकानं फिरले. दुखणं कमी करणारं इंजेक्शन बाहेर मिळायचंच नाही. शेवटी सिस्टरनी वॉर्डातल्या डॉक्टरांच्या मागे लागून लिहून घेतलं. रोज ड्युटी सुटली की स्वतः येऊन द्यायच्या. कूस बदलून द्यायच्या, कापसानं तोंड पुसायच्या.

मध्ये दोन दिवस स्टॉक नव्हता. ते दोन दिवस आई ओरडत होती, हेही लिहायला हवं.

आता मी पेलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या माणसाचं दुखणं हलकं करायच्या सेवेच्या, सर्व्हेचे फॉर्म घेऊन घरोघर फिरते. तेव्हा नागपुरात ही सेवा होती का, असं मला कुणी विचारलं तर म्हणेन, होती.

एका बाईकडे. ड्युटी सुटल्यावर. पायी जाता येईल तेवढ्या घरांत.

दर्जा उत्तम.

दुखणं उतरलं तशी आई भांडायला लागली. भांड्याला राख राहिली, बाबांच्या शर्टाचं बटण तुटलं, सगळ्यावरून.

शेवटच्या संध्याकाळी मला म्हणाली, "इकडं ये वं. हे काय वेणी घातली? शाळेत हसतीन तुले."

पडल्या पडल्या तिनं माझी वेणी सोडून पुन्हा घातली. मग झोपली, ती उठली नाही.

सिस्टर, माझी आई सोसत गेली नाही. मला रागावून गेली, नेहमीची आई होऊन.

शेवटचा जय भीम.