कोणाशी वाकडं आहे का?

सुई उजेडाकडे धरायची, नळीवर नखानं टिचकी मारायची, बुडबुडा वर येईपर्यंत डोळे बारीक करून थांबायचं, आणि मग दंडावर ओला कापूस फिरवत सहज विचारायचं, "कोणाशी वाकडं आहे का?"

आपण गडबडतो. आपल्याला वाटलेलं असतं, बाई साखरेचं विचारतील, ॲलर्जीचं विचारतील. "असेल तर मिटवून टाका," त्या म्हणायच्या. "उद्याची खात्री कोणाची?" हे बोलून होईपर्यंत सुई आत गेलेली असायची. हात इतका हलका, की दुखायचं ते फक्त विचारलेलं.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत राहायला आल्या, तेव्हापासून टोचून घ्यायला दवाखान्यात जाणंच बंद झालं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, टोचायचं सिस्टरांनी. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची कोणाला गरज पडली नाही. सगळ्या कॉलनीच्या त्या सिस्टर, आणि कॉलनीतले सगळे पुरुष त्यांचे भाऊ.

आमच्या शेजारच्या गृहस्थांना ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली होती. त्यांचं आणि त्यांच्या घोटीच्या भावाचं बांधावरून बोलणं बंद होतं. पहिल्या दोन वेळा त्यांनी सिस्टरांना "नाही हो, कोणाशी नाही" असं दडपून सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांचा धीर सुटला. घरी येऊन त्यांनी भावाला फोन लावला आणि "झालं गेलं विसरून जा" म्हणाले. भावाला वाटलं, हा शेवटच्या घटका मोजतोय. दुसऱ्याच दिवशी तो तांदळाचं पोतं टाकून जीपनं हजर झाला, तर हे अंगणात गाडी पुसत उभे.

सिस्टर ख्रिस्ती, आमचं घर बौद्ध. स्वर्ग-नरकाच्या भानगडीत आम्ही पडत नाही, आणि मी तर कारकुनीत सगळी नोकरी हुज्जत घालण्यात काढलेली. तेव्हा सिस्टरांशी माझी जुंपायचीच. "आम्ही नरक मानत नाही, सिस्टर," मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"तुम्ही मानत नाही म्हणून तो बंद ठेवलेला नाही, भाऊ."

"आणि तुमचा देव एवढा दयाळू, तर माणसांना जाळतो कशाला?"

ह्यावर त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. पिशवीची चेन लावता लावता थांबल्या. "मी जळीत वॉर्डात बरीच वर्षं काढलीत," त्या म्हणाल्या. "ड्रेसिंग बदलताना माणूस कसा ओरडतो, ते तुम्ही ऐकलेलं नाही. ती आग तर विझलेली असते. जी विझतच नाही तिच्यात कोणी जाऊ नये, म्हणून मी सांगत फिरते. तुम्हाला वाटतं मी भीती घालते. मलाच भीती वाटते हो."

खरंच वाटायची. बाई एका जागी ठरायची नाही. आमच्याकडे आल्या तर "बसते" असं कधी म्हणायच्या नाहीत, "टेकते" म्हणायच्या, आणि टेकायच्या त्याही एक चप्पल पायात ठेवून. चहा अर्धा व्हायचा आणि त्या उठायच्या. कोणीतरी आजारी आहे, कोणाचं तरी घरात बिनसलंय, आणि तो माणूस तसाच गेला तर? ह्या "तर" नं त्यांना सतत पळतं ठेवलं होतं. त्यांना बघून मलाच दम लागायचा.

माझी नात झाली तेव्हा तिला बघायला आल्या. बाळानं त्यांचं बोट घट्ट धरलं. माझी बायको हरखली. "बघा, ओळखलं तुम्हाला!"

"ओळखबिळख काही नाही, वहिनी," सिस्टर म्हणाल्या. "नस असते ती. तळव्याला काही लागलं की मूठ मिटते. लकवा झालेल्या म्हाताऱ्यांचीही मिटते. नातेवाईकांना वाटतं, शुद्ध आली. मला सांगावं लागायचं, ही नुसती नस आहे म्हणून." असं म्हणून त्यांनी बाळाचं एकेक बोट सोडवलं आणि आपलं बोट काढून घेतलं. बायकोला ते आवडलं नाही. मलाही नाही.

एकदा त्यांनी आम्हाला त्यांच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला नेलं. लोकांनी शेतातलं, परसातलं काय काय आणलेलं, मग त्याचा लिलाव. हौसेनं बोली लावता लावता माझ्या गळ्यात एक भोपळा पडला. त्याआधी उपासनेत प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायला सगळी मंडळी पुढे जाऊन गुडघे टेकत होती. बाकावर उरलो आम्ही दोघं पाहुणे, आणि सिस्टर.

येताना भोपळा सांभाळत मी विचारलं, "तुम्ही नाही गेलात?"

"कोणाशी वाकडं असलं तर आम्ही ते घेत नाही. घेतलं तर शिक्षा ओढवून घेतल्यासारखं असतं."

"मग मिटवा की. उद्याची खात्री कोणाची?"

मी आपला टोमणा मारून गेलो. घरी पोचेपर्यंत सिस्टर आमच्या पुढे पुढे चालत राहिल्या.

त्यांना नवरा होता हे आम्हाला कळलं ते मनमाडहून फोन आला तेव्हा. फोन नणंदेचा. रेल्वेत नोकरी केलेला नवरा म्हातारपणी तिच्याकडे पडून होता, त्याला लकव्याचा मोठा झटका आला होता. सिस्टर दोन दिवस गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बायकोनं माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "ह्यांना एकटं जाऊ देऊ नका."

गाडीत खिडकीशी बसून त्या पिशवीचा बंद पिळत होत्या. निफाड गेल्यावर एकदम म्हणाल्या, "भाऊ, मला मुलगी होती."

मी डबा मांडीवरून बाजूला ठेवला.

"नुकती बोलायला लागली होती. तिला ताप होता. माझी ड्युटी, तीही मुलांच्याच वॉर्डात. त्याला सांगून गेले, दुपारपर्यंत ताप उतरला नाही तर तिला घेऊन या. तो पिऊन झोपला. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ती गार पडली होती, आणि तो घोरत होता."

समोरच्या बाकावरच्या बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"मातीच्या वेळी तो इतका रडला, की लोक त्यालाच धरून बसले. पाळकसाहेब त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी रडत नव्हते, तर माझ्याकडे कोण बघणार? आठवड्यात त्याची बाटली परत सुरू झाली. मी घर सोडलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी हळू. "शेवटच्या श्वासाला जरी माणसानं मनापासून पश्चात्ताप केला, तरी त्याला आत घेतात, भाऊ. मी जगाला हेच सांगते. आणि मला धास्ती ह्याचीच. हा रडेल. रडायला त्याला कधी वेळ लागला नाही. आणि माझी मुलगी जिथं आहे, तिथं जाऊन हा उभा राहील. म्हणून सगळ्यांना विचारलं, ह्याला कधी विचारायला गेले नाही. जळीत वॉर्ड पाहिलेली बाई मी. तो जाळ मी एका माणसासाठी रोज मागत होते. प्रार्थनेला बसल्यावर."

"मग आज का निघालात?"

"नणंदेनं सांगितलं, त्याची वाचा गेलीय. म्हणजे आता त्याला क्षमा मागताच येणार नाही. ऐकून मला बरं वाटलं, भाऊ. खरंच बरं वाटलं. आणि मग माझीच मला भीती वाटायला लागली." त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, परत वर घेतली. "आता तुम्हीच सांगा, आगीत कोणाला टाकायला पाहिजे?"

एरवी माझी जीभ लगेच चालते. नरक न मानणाऱ्या माणसाला ह्यावर काय बोलता येतं, तुम्हीच बघा. लासलगावला गाडी थांबली, कांद्याचा वास आत आला, आणि मी उगाच पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरलो.

नणंद म्हातारीच होती. "लय वर्षांनी आलात, वहिनी," म्हणाली. "पण दादाला काय समजत नाय आता. नुसता बघत ऱ्हातो."

पुढच्या खोलीत खाटेवर एक वाळलेला माणूस होता. एक डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी गळत होतं. सिस्टर दारात क्षणभर थबकल्या आणि मग नर्ससारख्या आत गेल्या. त्याला कुशीवर वळवून पाठ पाहिली, नणंदेला झापलं, गरम पाणी मागवलं, अंग पुसलं, चादर बदलली. मला वाटलं, आता निघतील. त्यांनी दोन्ही चपला काढल्या आणि खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. टेकल्या नाहीत, बसल्या.

मग त्यांनी आपलं बोट त्याच्या चांगल्या हाताच्या तळव्यात ठेवलं. मूठ मिटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नात आम्हा दोघांनाही आठवली असणार.

"अहो," त्या म्हणाल्या. गाडीत सगळा वेळ "तो" होता, इथं "अहो" झाला.

चर्चमध्ये पाळक पापांची कबुली एकेक वाक्य म्हणतात आणि मंडळी मागून म्हणते. त्याच सुरात त्या त्याच्या वाटचं म्हणायला लागल्या. "माझ्या आईला चारचौघांत नाही नाही ते बोललात. क्षमा असो." थांबायच्या, जणू तो मागून म्हणतोय. "मला पायरीवरून ढकललंत, माझा हात मोडला. क्षमा असो." नणंद पदर तोंडाला लावून दारात उभी. "बाळाला ताप होता," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज गेला. पुढचं वाक्य येईना. खूप वेळानं त्या म्हणाल्या, "क्षमा असो." आणि मग, "मी तुमच्यासाठी जाळ मागितला. मलाही क्षमा असो."

त्याच्या डोळ्यातून पाणी येत होतं. पण ते तर आम्ही आल्यापासूनच येत होतं.

परतीच्या गाडीत बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत ना? बाळाचं म्हटलं तेव्हा त्यानं बोट आवळलं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. मला ते जमलं नाही. "तुमचा दुसरा हात त्यांच्या मुठीवर होता, सिस्टर," मी म्हणालो. "तुम्हीही आवळला होतात. कोणी कोणाचा हात आवळला, ते मला कळलं नाही."

त्या बाहेर बघत राहिल्या. निफाड आलं, गेलं. नाशिकरोड जवळ आल्यावर उठून पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, "नस असेल तर असू दे. ती घातली कोणी?"

तो त्याच आठवड्यात गेला. मातीला सिस्टर एकट्याच जाऊन आल्या. त्यानंतर त्यांचं चालणं थोडं मंदावलं, चहाचा कप पुरा होऊ लागला. पण मधूनच कप खाली ठेवून त्या आपल्या बोटाकडे बघायच्या, आणि मला माहीत असायचं की बाईला अजून खात्री नाही.

आता सिस्टर नाहीत. झोपेतच गेल्या, त्याला वर्ष होत आलं. आम्ही चौकातल्या दवाखान्यात जातो. तिथली मुलगी फोन खांद्याशी दाबून टोचते. माझी बायको बाहेर येऊन दर वेळी तेच म्हणते, "काही विचारलंच नाही हो तिनं."

मला सिस्टर आठवतात त्या मनमाडच्या मातीनंतरच्या रविवारी. त्यांनी बोलावलं नव्हतं, आम्हीच गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. मंडळी पुढे जायला लागली तेव्हा सिस्टर उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. मग भरभर चालत गेल्या आणि कठड्याशी गुडघे टेकले. पाळकांनी त्यांच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला, आणि त्यांची मूठ मिटली. आजूबाजूचे खाऊन उठले, दुसरे येऊन टेकले, तरी ती मिटलेलीच. पाळक वाकून काहीतरी म्हणाले, त्यांनी मान हलवली. शेवटी दुसऱ्या हातानं त्यांनी स्वतःचं एकेक बोट सोडवलं आणि तो तुकडा तोंडात टाकला.