सलीलच्या नावाची ओळ

यज्ञेश्वर पिंपळखुटे तलाठी म्हणून नोकरीला लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून दारव्ह्यातच निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांच्या हातच्या नोंदीत कधी खाडाखोड सापडली नाही. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे एवढेच. बाकी माणूस चारचौघांसारखा, उंची बेताची आणि बोलणे त्याहून बेताचे. दुसऱ्याच्या हातच्या नोंदीला मात्र ते बोट लावत नसत. चूक ढळढळीत दिसत असली तरी म्हणत, ज्याने लिहिले त्याला बोलवा, त्याच्या हातून दुरुस्त करून घ्या. या सवयीबद्दल कचेरीत त्यांची थट्टा होई. ते मनावर घेत नसत.

निवृत्तीनंतर वर्षभराने, २००३ च्या दिवाळीच्या तोंडावर, त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला. कापसाचे दिवस तेव्हा फिरले होते. दिग्रसची एक जिनिंग गिरणी बंद पडली, तिच्या हापिसातले सामान मालकाने विकायला काढले. टेबले गेली, वजनकाटा गेला आणि शेवटी एक जुना कॉम्प्युटर उरला. घनश्याम नावाचा एक शेतकरी यज्ञेश्वरराव तलाठी असतानाच्या जुन्या सज्जातल्या गावचा. त्याने तो जीपमध्ये घालून दारव्ह्याला आणला आणि ओसरीवर ठेवत म्हणाला, "काका, कापूस तं गेला, हे डबडं तेवढं राह्यलं."

यज्ञेश्वररावांचा मुलगा सलील पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. बायको गौरी, पाच वर्षांची मुलगी स्पृहा. दिवाळीला आला तेव्हा त्याने ते डबडे उघडून साफ केले. चित्रांचे, खिडक्यांचे मेल त्या मशीनला पेलणारे नव्हते, आणि दारव्ह्याची फोनची लाइन तर पाच मिनिटांत तुटायची. म्हणून त्याने नुसत्या अक्षरांवर चालणारा एक मेलचा कार्यक्रम घातला. काळा पडदा, पांढरी अक्षरे, माऊसची गरज नाही. पत्रांची यादी एका जागी दिसायची, पण लिहायला दुसराच कार्यक्रम उघडायचा. त्याला सलील एडिटर म्हणे. तो एडिटर भलताच मानी होता. नुसती बटणे दाबून अक्षर उमटायचे नाही. आधी आय दाबायचा, मग लिहायचे. लिहून झाले की एस्केप, मग दोन टिंबे, डब्ल्यू आणि क्यू, मग एंटर. त्यानंतर वाय दाबला की पत्र जाणार.

यज्ञेश्वरराव दोन दिवस गोंधळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बिनचूक पत्र लिहिले आणि म्हणाले, "लिहिण्याआधी परवानगी, लिहून झाल्यावर मंजुरी. हे कोणी बनवलं रे?"

"तुमच्या तहसीलमधून गेलेला असणार कोणी तरी," सलील म्हणाला.

जाताना त्याने चाळीस पानी वहीत सगळे स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. पत्र कसे उघडायचे, उत्तर कसे द्यायचे, चुकले तर परत कसे फिरायचे. शेवटच्या पानावर लिहिले होते की मशीनच्या सगळ्या सूचना एका फाइलीत आहेत आणि ती उघडायची असेल तर अमुक शब्द टाइप करावेत. माणसाचे नाव, पत्र कुठून जाणार, कोणता एडिटर, ओळ किती रुंद, सारे त्या फाइलीत. ज्या ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखे चिन्ह आहे ती मशीन वाचत नाही, ती फक्त माणसांनी वाचायची, असेही खाली होते.

चूक झाली ती त्याच फाइलीत. सलीलने पुण्यातली आपली स्वतःची फाइल फ्लॉपीवर आणून तशीच घातली होती, आणि नावाच्या ओळीत त्याचेच नाव राहून गेले. यज्ञेश्वररावांचे पहिले पत्र पुण्याला पोचले त्या दिवशी सलीलने फोन केला. त्याला हसू आवरत नव्हते. पाठवणाऱ्याच्या जागी सलील पिंपळखुटे, म्हणजे त्याला स्वतःचेच पत्र आले होते. वहीचे शेवटचे पान काढा आणि ते नाव बदलून टाका, असे त्याने सांगितले.

"तू लिहिलं आहेस, तूच बदल," यज्ञेश्वरराव म्हणाले. "पुढच्या खेपेला येशील तेव्हा."

"अहो बाबा, सातबारा नाही तो."

पण ते ऐकेनात. पुढच्या खेपेला सलील दोनच दिवसांसाठी आला. एका दुपारी तासभर मशीनपुढे बसला. दुरुस्ती केलीस का, असे वडिलांनी विचारले तेव्हा झाली म्हणा, असे म्हणून हसला. तो गेल्यावरही पत्रे त्याच्याच नावाने जात राहिली. विसरला असेल, असे यज्ञेश्वररावांना वाटले. एवढ्या कामाच्या माणसाला पुन्हा काय टोकायचे, म्हणून ते गप्प बसले.

ती दोन वर्षे बरी गेली. दर रविवारी सलील कुठे कापसाला काय भाव चालला आहे ते कळवायचा, आणि घनश्याम आठवड्याच्या बाजाराला आला की ओसरीवर येऊन बसायचा. रत्नप्रभाबाई चहा ठेवायच्या. यज्ञेश्वरराव पडद्यावरचे वाचून दाखवायचे.

"इथला व्यापारी तोंड उघडाले तयार नाई," घनश्याम म्हणे, "अन् तुमचं पोरगं पुन्यात बसून गुजरातचा भाव सांगून राह्यलं." मग बशी खाली ठेवून पुढे म्हणे, "पन इकाचं तं इथंच आहे ना, काका."

२००५ च्या ऑगस्टमध्ये सलीलला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवले. यज्ञेश्वरराव आणि रत्नप्रभाबाई दारव्ह्याहून रात्रभराचा प्रवास करून पुण्याला पोचले तेव्हा तो डोळे उघडत होता, पण ओळखत नव्हता. पाचव्या दिवशी गेला. पस्तीस वर्षांचा होता.

दारव्ह्याला परत आल्यावर यज्ञेश्वररावांनी एकच काम हाती घेतले. गौरीला कागदपत्रांचे काही कळत नव्हते. फंडाचा अर्ज, विम्याचा दावा, वारसाचा दाखला, हे सारे त्यांच्या हातचे. रोज सकाळी सहाला लाइन बरी असे, तेव्हा ते मशीनपुढे बसत आणि कोणत्या कागदाला कोणती प्रत जोडायची ते तिला कळवत. पूर्वी पत्राची सुरुवात चि. सौ. गौरीस अशी असे. पहिल्या दिवशी सवयीने तसेच लिहिले गेले. मग सौ. काढावे लागले. त्या जागी जे लिहायची रीत आहे ते त्यांच्याने लिहवेना. चि. गौरीस एवढेच ठेवले.

आपली पत्रे अजून कोणाच्या नावाने जात आहेत, हे त्या धामधुमीत त्यांच्या ध्यानातच राहिले नव्हते. त्यांच्या पडद्यावर ते नाव कधी दिसत नसे. ते दिसायचे पुण्यात. पहिले पत्र आले तेव्हा गौरी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली होती. पण सासऱ्यांना हे कसे सांगायचे, म्हणून तिने सांगितले नाही. पुढे सवय केली.

फेब्रुवारीत एका सकाळी यादीत गौरीच्या नावाने एक पत्र आलेले दिसले. यज्ञेश्वररावांनी उघडले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी. त्यांनी ते एकेक शब्द जुळवत वाचले.

"बाबा मी स्पृहा आहे. आईच्या मेलमधून लिहिते. माझा पुढचा दात पडला. आई म्हणते तू येणार नाही पण तू आईला रोज मेल पाठवतो मी नाव वाचलं. तू आजोबांकडे आहेस का. मी सुट्टीत आले की दिसशील का."

त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचले नाही. उठून ओसरीवर गेले, परत आले. रत्नप्रभाबाईंनी काय झाले म्हणून विचारले तेव्हा त्यांना वाचून दाखवणे भाग पडले. बाईंनी पदर तोंडावर धरला.

दुपारी गौरीचा फोन आला. आपल्या मेलमधून गेलेल्या पत्रांत तिने ते पाहिले होते. तिचा आवाज अगदी हळू होता. स्पृहाने शाळेतही मैत्रिणींना सांगितले आहे, ती म्हणाली, की माझे बाबा आजोबांच्या गावी असतात. मग म्हणाली, "बाबा, तेवढं नाव बदलता येईल का? मी आधीच सांगायला हवं होतं. माझीच चूक झाली."

यज्ञेश्वरराव बदलतो म्हणाले. फोन ठेवून वही काढायला गेले तर रत्नप्रभाबाई मशीनच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या.

"राहू द्या ना ते," त्या म्हणाल्या. "बँकेतून काढलं, विम्यातून काढलं. तुमच्याच हातांनी काढलंत सगळीकडून. इथे कोणाच्या डोळ्यांत खुपतंय?"

"पोर वाट बघते आहे, रत्ना."

"बघू दे. मीही बघतेच की."

यज्ञेश्वरराव बाजूच्या पलंगावर बसले. अर्ध्या तासाने बाई आपणहून उठल्या आणि आत गेल्या, पण दार लोटून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यज्ञेश्वररावांनी वहीचे शेवटचे पान उघडून त्यातले शब्द टाइप केले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा फाइल उघडली. एडिटर तोच, रोज पत्र लिहायचा तो. पण पडद्यावर ओळीच ओळी, आणि त्यांतली एकही त्यांच्या ओळखीची नाही. बाण खाली नेत नेत ते मधोमध आले. तिथे एक ओळ जाळीच्या चिन्हाने सुरू होत होती. इंग्रजी अक्षरांत मराठी.

"बाबा, ही ओळ वाचताय म्हणजे फाइल उघडलीत. शाबास. खाली माझं नाव आहे, ते काढून तुमचं घाला. नोंद माझी आहे आणि दुरुस्तीला माझी परवानगी आहे. काही बिघडत नाही. बिघडलं तर मी आहे."

त्याखाली तारीख होती, त्या दोन दिवसांतली. दुरुस्ती झाली म्हणा, म्हणून तो हसला होता ती दुपार. तारखेखाली कचेरीतल्यासारखे लिहिले होते, समक्ष, सलील यज्ञेश्वर पिंपळखुटे.

सलील होता तेव्हा यज्ञेश्वररावांनी एकदा जरी ही फाइल उघडली असती तर त्याच दिवशी फोन करून त्याला सांगता आले असते, वाचलं रे, आणि तो पोट धरून हसला असता. दीड वर्ष हे पत्र त्यांच्याच घरात, त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडून होते. दुसऱ्याच्या नोंदीला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी ते उघडले नव्हते.

मयताचे नाव सातबाऱ्यातून खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि खाली वारसाचे नाव लिहितात. अशा हजारो नोंदी त्यांच्या हातून गेल्या होत्या. बापाला कंस, खाली मुलगा. निवृत्तीआधीच्या तीन-चार वर्षांत मात्र उलट्या नोंदी फार येऊ लागल्या होत्या. तरण्या मुलाला कंस, खाली बायको आणि म्हातारी आई. ती आई अंगठा उमटवायला कचेरीत आली की यज्ञेश्वरराव मान वर करत नसत. कायद्याने आईचा हक्क पहिला, म्हणून बापाचे नाव त्या जागी लिहायची पाळी क्वचित येई. बाप बहुधा बाहेर लिंबाखाली बसलेला असे.

त्यांनी आय दाबला. सलीलच्या नावाच्या ओळीखाली नवी ओळ घेऊन, वरच्यासारखीच, तीत स्वतःचे नाव लिहिले. मग वर जाऊन सलीलच्या ओळीच्या सुरुवातीला जाळीचे चिन्ह घातले. ओळ राहिली, मशीन ती वाचणार नव्हते. एस्केप, दोन टिंबे, डब्ल्यू, क्यू.

रत्नप्रभाबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी अक्षरे लागत होती. त्यांनी विचारले, काढलं? ते म्हणाले, आहे, आत आहे. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

मग यज्ञेश्वररावांनी स्पृहाला लिहिले. सोपे शब्द शोधता शोधता आठ वाजले. "चि. स्पृहास, मी आजोबा लिहितो आहे. आता तुला माझे नाव दिसेल. आधीचे मेल बाबाच्या नावाने येत होते, पण ते मीच लिहीत होतो. मशीनमध्ये त्याचे नाव राहिले होते. बाबा इथे नाही. तू सुट्टीत ये. आजी वाट बघते. अनेक आशीर्वाद."

तीन दिवस काही आले नाही. गौरीने फोनवर सांगितले की स्पृहाने ते स्वतः वाचले, दोनदा वाचले आणि खेळायला गेली. चौथ्या दिवशी सकाळी यादीत पत्र होते. एकच ओळ.

"आजोबा म्हणजे बाबाने एक पण नाही पाठवला?"

यज्ञेश्वररावांनी उत्तरासाठी एडिटर उघडला. पडद्यावर तिची ओळ वर राहिली आणि खाली रिकामी जागा. नुसते एक तरी पाठवला होता, असे लिहिले असते तर कोणी तपासायला येणार नव्हते. पोर हरखली असती. रत्नप्रभाबाई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना तेच हवे होते हे यज्ञेश्वररावांना पाठ वळवूनही कळत होते.

त्यांनी आय दाबला. मग लिहिले, "नाही बाळ. एकही नाही."

एस्केप दाबून ते थांबले. आणखी काही तरी लिहावे असे वाटले, पण खरे असे आणखी काही सुचेना. त्यांनी मंजुरीची बटणे दाबली. लाइन लागायला वेळ लागत होता. ती लागेपर्यंत ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पत्र गेल्याचे पडद्यावर दिसले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि लहान मुलासारखे रडू लागले. दवाखान्यात किंवा घाटावर ते असे रडले नव्हते. रत्नप्रभाबाई चुलीवरचे तसेच टाकून धावत आल्या.