चाळीस मिनिटांचा फोन

वहिनींना घरात वहिनी म्हणत आणि लॅबमध्येही वहिनीच. त्यांची नणंद दुसऱ्या एका लॅबमध्ये हेच काम करायची आणि तिनेच हे नाव सगळीकडे करून ठेवलं होतं. काम असं, की औषधाचं द्रावण प्रचंड दाबाने, बारीक भुकटी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून ढकलायचं. त्यातले घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतात आणि पडद्यावर एकेकाचं शिखर उमटतं.

दरवर्षी सगळ्या लॅबना परीक्षेसाठी एकच अनोळखी द्रावण यायचं. त्यात घटक किती, ते ओळखायचं. मागच्या वर्षी वहिनी चुकल्या, नणंदेचं उत्तर बरोबर आलं आणि घरात प्रत्येक जेवणाला तोंडी लावायला तोच विषय झाला. साहेबांनी तर बजावलंच होतं, "यंदा चुकलात तर मशीन सोडा आणि फायली सांभाळा." वहिनींचा त्या मशीनवर जीव. यंदाची बाटली त्यांनी लेबल दोनदा वाचून मगच उघडली.

चौथ्या मिनिटाला एक शिखर आलं, सातव्याला दुसरं. मग रेषा सरळ, अगदी शहाण्या बाळासारखी. पंधराव्या मिनिटाला मशीन थांबवायचं, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

त्यात आधी गुडघा, मग शेजारीण, मग गॅसवाला, पुन्हा गुडघा. वहिनी "हो आई, हो ना आई" करत राहिल्या आणि मशीन थांबवायचं राहूनच गेलं. पस्तिसाव्या मिनिटाला रेषेने हळूच पाठ वर काढली आणि एक बुटकं, पसरट शिखर उमटलं.

"अगंबाई!" वहिनी ओरडल्या.

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या, "त्या गॅसवाल्याला लाज कशी ती नाहीच!"

फोन संपल्यावर वहिनींनी द्रावण आणखी दोनदा चालवून पाहिलं. दोन्ही वेळा तो आळशी तिसरा घटक पस्तिसाव्या मिनिटालाच उगवला. त्यांनी लिहून टाकलं, तीन.

निकाल लागला. तीनच होते. नणंदेने दोन लिहिले होते. रविवारी ती घरी आली, ती तणतणतच.

"खरं सांग वहिनी, एवढं थांबायचं तुला सुचलं कसं?"

अनुभवाच्या बाता मारायचा मोह वहिनींना फार झाला, पण सासूबाई समोरच बसल्या होत्या. "आईंचा फोन आला होता गं. चाळीस मिनिटं."

नणंद आईकडे वळली. "वा गं वा! सुनेला पास केलंस आणि लेकीला नापास! मला का नाही केलास असा फोन?"

"आधी तुलाच केला होता," सासूबाई म्हणाल्या. "कामात आहे म्हणालीस आणि ठेवून दिलास."